हंगाम संपल्यावर सुरू होणारा डाव

१० नोव्हेंबर २०२०. दुबईत आयपीएलचा अंतिम सामना, मुंबई विरुद्ध दिल्ली. ट्रेंट बोल्टच्या पहिल्याच चेंडूवर मार्कस स्टॉइनिस यष्टिरक्षक क्विंटन डी कॉककडे झेल देऊन परतला. थोड्याच वेळात अजिंक्य रहाणे, पुन्हा झेल डी कॉक, गोलंदाज बोल्ट, धावा २. मग जयंत यादवने शिखर धवनचा त्रिफळा उडवला. दिल्ली ३ बाद २२.

धावफलकातली ही नावं आता जरा निराळ्या नजरेने वाचा. बोल्ट वर्षभरापूर्वी दिल्लीचाच होता. दिल्लीने तो हंगामाआधी मुंबईला देऊन टाकला. जयंत यादवही दिल्लीकडूनच आलेला. डी कॉक मुंबईने बंगळुरूकडून घेतलेला, रहाणे दिल्लीने राजस्थानकडून आणि धवन हैदराबादकडून. या पाचांतला एकही जण आपल्या संघात लिलावातून आलेला नव्हता. हंगाम संपल्यावर संघांनी आपापसांत जो सौदा केला, त्यातून ते इकडचे तिकडे झाले होते. त्या रात्री मुंबईने पाच गडी राखून पाचवं विजेतेपद मिळवलं आणि सामनावीर ठरला बोल्ट, म्हणजे दिल्लीने सोडलेला माणूस.

या सौद्याला आपल्याकडेही आता सर्रास ट्रेड म्हणतात. लिलावाला जी झगमग असते ती ट्रेडला नसते. हातोडा नाही, टाळ्या नाहीत, टीव्हीवर थेट प्रक्षेपण नाही. एके दिवशी दोन ओळींची बातमी येते, की अमुक खेळाडू अमुक संघाकडून तमुक संघाकडे गेला. पण संघ सुधारायचा असेल तर लिलावापेक्षा ट्रेड हेच धारदार हत्यार आहे, असं माझं मत आहे. लिलावात तुम्हाला हवा तो खेळाडू इतर नऊ जणांनाही हवा असतो, त्यामुळे किंमत गरजेवर ठरत नाही, ईर्ष्येवर ठरते. ट्रेडमध्ये समोर एकच संघ असतो, आणि त्याची अडचण काय आहे हे ओळखता आलं की अर्धं काम झालं.

इचलकरंजीला लागून असलेल्या आमच्या कबनूरमध्ये हा विषय दिवाळीच्या आगेमागे तापतो. त्याच सुमाराला आयपीएलच्या संघांना कोणाला ठेवलं आणि कोणाला सोडलं ते जाहीर करावं लागतं. माग बंद करून चहाला बाहेर आलेली पोरं टपरीवर मोबाईल उघडून याद्या वाचतात. एकाच्या हातात सूत लागलेलं, दुसऱ्याच्या केसांत कापसाची बारीक धूळ, आणि वाद मात्र असा की जणू संघमालकाने निर्णय यांना विचारूनच घ्यायचा होता. ‘असला गोलंदाज कोण सोडतंय व्हय?’ हा त्या टपरीवरचा ठरलेला प्रश्न. प्रश्न भाबडा वाटतो, पण सगळ्या ट्रेडचं मर्म त्यातच आहे. चांगला खेळाडू सोडतं कोण, आणि का?

याचं उत्तर मागाच्या धंद्यातल्या माणसाला चटकन कळतं. एका कारखान्यात मागांची दुरुस्ती करणारे दोन कसबी जॉबर आहेत, पण माग मोजकेच. दुसऱ्या जॉबरला अर्धी पाळी बसूनच काढावी लागते. पलीकडच्या शेडमध्ये दुरुस्तीला माणूस नाही म्हणून चार माग बंद पडलेत. पहिल्या मालकाला तो दुसरा जॉबर जड झालेला असतो आणि पलीकडच्याला तोच सोन्यासारखा. माणूस तोच, कसब तेच. कुठे उभा आहे त्यावर त्याचं मोल बदललं.

बोल्टचं नेमकं हेच झालं होतं. आयपीएलमध्ये संघात आठ परदेशी खेळाडू ठेवता येतात, पण मैदानात चारच उतरवता येतात. २०१९मध्ये दिल्लीकडे कागिसो रबाडा होता आणि तो भन्नाट फॉर्मात होता. उरलेल्या परदेशी जागा इतरांना लागत होत्या. त्यामुळे न्यूझीलंडचा हा अव्वल डावखुरा गोलंदाज मोजकेच सामने खेळला आणि बाकी वेळ बाकावर बसला. मुंबईकडे जसप्रीत बुमरा होता. त्याच्या जोडीला नवा चेंडू स्विंग करणारा डावखुरा मिळाला, तर वानखेडेवरच्या पहिल्या सहा षटकांत प्रतिस्पर्ध्याचं कंबरडं मोडता येईल, असा साधा हिशोब. पुढे करोनाची साथ आली, स्पर्धा अमिरातीत गेली आणि लसिथ मलिंगाने माघार घेतली, तेव्हा ही बाकावरून उचललेली खरेदी संघाचा कणा झाली. बोल्टने त्या हंगामात २५ बळी घेतले. यात नशिबाचा वाटा होताच. पण मलिंगाचं वय वाढतंय हे नशीब उघडण्याआधीही दिसत होतं.

जयंत यादवची गोष्ट त्याहून बारीक आहे, म्हणून मला ती जास्त आवडते. ऑफस्पिनर, गाजावाजा नाही, मुंबईकडूनही तो क्वचितच खेळला. पण दिल्लीच्या फळीत धवन, ऋषभ पंत आणि शिमरन हेटमायर असे तीन डावखुरे होते. लेगस्पिनरपेक्षा ऑफस्पिनर त्यांना अवघड जाईल म्हणून अंतिम सामन्यात राहुल चाहरला वगळून जयंतला घेतलं आणि त्याने धवनला बाद केलं. असा खेळाडू लिलावात कोणाच्या नजरेत भरत नाही. त्याचा उपयोग वर्षातून दोन-तीन सामन्यांपुरता असतो, आणि त्या दोन-तीन सामन्यांत अंतिम सामना असू शकतो.

हा सगळा प्रकार आपल्याकडे आयपीएलबरोबर आला. दुसऱ्या हंगामाआधी, २००९मध्येच, श्रीरामपूरचा झहीर खान बंगळुरूकडून मुंबईकडे आणि त्याच्या बदल्यात रॉबिन उथप्पा मुंबईकडून बंगळुरूकडे गेला. त्या वर्षी बंगळुरू अंतिम फेरीत पोचलं आणि मुंबई तळाकडे राहिली. पुढच्या वर्षी मुंबई अंतिम फेरीत पोचली. मग सौदा कोणी जिंकला? पहिल्या वर्षी विचारलं असतं तर एक उत्तर मिळालं असतं आणि दुसऱ्या वर्षी दुसरं.

पण ज्या खेळात ही विद्या शंभर वर्षांहून अधिक काळ घोटली गेली आहे, तो आहे अमेरिकेतला बेसबॉल. आपल्याकडे शालेय क्रीडास्पर्धांत सॉफ्टबॉल-बेसबॉल खेळणारी मुलं सोडली तर तो कोणाच्या फारसा ओळखीचा नाही. तरी ट्रेड समजून घ्यायचा तर त्याच्याकडे जावंच लागतं. तिकडच्या मुख्य लीगमध्ये ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघ नियमित हंगामात १६२ सामने खेळतो. एप्रिलच्या सुमारास सुरू झालेला हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला संपतो आणि मग थंडीत, मैदानं रिकामी असताना, व्यवस्थापकांचा मोसम सुरू होतो. डिसेंबरात सगळ्या संघांचे कारभारी एका शहरात जमतात आणि हॉटेलच्या खोल्यांत देवाणघेवाण चालते. हंगाम चालू असतानाही जुलैअखेरपर्यंत सौदे करता येतात, पण ते बहुतेक ठिगळं लावण्याचे. संघाचा सांगाडाच बदलायचा असेल तर ते काम थंडीतच होतं. तेव्हा वेळ असतो, घाई नसते आणि कालच्या पराभवाची आग डोक्यात नसते.

एकाच संघाने एका सौद्यात फसगत करून घेतली आणि दुसरा जिंकला, असं उदाहरण म्हणजे सिनसिनाटी रेड्स. ते जरा सविस्तर सांगतो.

डिसेंबर १९६५मध्ये रेड्सने फ्रँक रॉबिन्सन हा आपला सर्वोत्तम फलंदाज बाल्टिमोर ओरिओल्सला देऊन टाकला. बदल्यात मुख्यतः मिल्ट पॅपस नावाचा गोलंदाज घेतला. रॉबिन्सन नुकताच तिशीत आला होता. तो तीस वर्षांचा असला तरी ‘तरुण तीस’ नाही, अशा अर्थाचं समर्थन रेड्सचे प्रमुख बिल डीविट यांनी केलं. पुढच्याच हंगामात या उतरणीला लागलेल्या माणसाने ४९ होमरन, म्हणजे बेसबॉलमधले षटकार, मारले. फलंदाजीचे तिन्ही मुख्य मान पटकावले, सर्वोत्तम खेळाडूचा किताब घेतला, आणि बाल्टिमोरने पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम विजेतेपदाची मालिका, जिंकली. डीविट यांचं ते वाक्य अमेरिकेत अजून त्यांच्या नावाला चिकटून आहे.

वय बघून खेळाडू विकण्यात तत्त्वतः काही चूक नाही. उतार सुरू व्हायच्या आधी विकावं, हे सगळेच जाणतात. फसगत होते ती वयाचा आकडा पाहून माणूस न पाहिल्यामुळे.

आता दुसरा सौदा. नोव्हेंबर १९७१. रेड्सचा कारभार आता बॉब हाउसम यांच्याकडे होता. त्यांनी ली मे हा धिप्पाड, षटकार ठोकणारा फलंदाज ह्यूस्टन ॲस्ट्रोजला दिला. त्या वर्षी त्याने ३९ होमरन मारले होते. सोबत टॉमी हेल्म्स हा पक्का क्षेत्ररक्षकही गेला. बदल्यात आलेल्यांत जो मॉर्गन होता. बुटका, फलंदाजीची सरासरी साधारण, वर्षाला होमरन १३. सिनसिनाटीत नाराजी उमटली, आणि उमटणारच. ३९वाला देऊन १३वाला घेणं हा व्यवहार कोणत्या शहाण्याला पटेल?

हाउसम यांना दोन गोष्टी दिसल्या होत्या. पहिली म्हणजे मैदान. रेड्सचं नवं स्टेडियम १९७०मध्ये सुरू झालं होतं आणि त्यात खऱ्या गवताच्या जागी कृत्रिम हिरवळ होती. तिच्यावर चेंडू सुसाट पळतो. अशा मैदानावर ताकदीइतकीच किंमत वेगाला येते. मॉर्गन वाऱ्यासारखा धावायचा, आणि त्याच्याबरोबर आलेला सीझर जेरॉनिमो मैदानाचा मधला विस्तीर्ण पट्टा एकटा सांभाळायचा. दुसरी गोष्ट अधिक मोलाची. बेसबॉलमध्ये गोलंदाजाने ठरावीक चौकटीबाहेर चार चेंडू टाकले आणि फलंदाजाने बॅट न फिरवता ते सोडून दिले, तर त्याला पहिला बेस फुकट मिळतो. चेंडू सोडण्याचा हा संयम मॉर्गनकडे अफाट होता. पण सरासरीच्या आकड्यात तो मोजलाच जात नव्हता. वर्तमानपत्रात छापला जाणारा आकडा त्याला साधारण ठरवत होता. प्रत्यक्षात तो बहुतेक खेळाडूंपेक्षा जास्त वेळा बेसवर जाऊन उभा राहायचा, आणि तिथून पुढचा बेस चोरायचा. १९७५मध्ये त्याने १३२ वेळा असा फुकटचा बेस मिळवला आणि ६७ बेस चोरले. त्या वर्षी आणि १९७६मध्येही सर्वोत्तम खेळाडूचा किताब त्याला मिळाला, आणि दोन्ही वर्षी वर्ल्ड सिरीज रेड्सने जिंकली.

इथे माझं म्हणणं येऊन थांबतं. शहाण्या ट्रेडमध्ये तुम्ही खेळाडू विकत घेत नसता. समोरच्याने ज्या गोष्टीची किंमत चुकीची लावली आहे, ती गोष्ट तुम्ही विकत घेत असता. ह्यूस्टनला मॉर्गनचे होमरन दिसत होते, त्याने सोडलेले चेंडू दिसत नव्हते. पुढे २००२मध्ये ओकलंड ॲथलेटिक्सच्या बिली बीन यांनी हीच गोष्ट आकडेशास्त्राच्या मदतीने पद्धतशीर केली. बडे खेळाडू श्रीमंत संघांनी पळवल्यावर, बेसवर पोचण्याच्या प्रमाणावर भर देत स्वस्तातले दुर्लक्षित खेळाडू जमवले, आणि तुटपुंज्या पगाराच्या संघाने १०३ सामने जिंकले. त्यातले २० सलग. त्यावर पुस्तक आलं, ब्रॅड पिटचा सिनेमा आला, आणि सगळ्यांनाच ती युक्ती कळली. कळल्यावर अर्थातच ती स्वस्त राहिली नाही. आता तिकडच्या प्रत्येक संघाकडे आकडेतज्ज्ञांची फौज आहे, आणि पुढची चुकीची किंमत कुठे लपली आहे ते शोधत बसणं हेच त्यांचं काम.

सौद्याला आणखी एक कारण असतं, ते म्हणजे कराराची घटका. अमेरिकेत मुख्य लीगमध्ये सहा वर्षं सेवा झाली की खेळाडू मोकळा होतो आणि हवं तिथे करार करतो. त्यामुळे एक वर्ष उरलेला महागडा खेळाडू ज्या संघाला परवडत नाही, तो संघ त्याला फुकट जाऊ देण्याआधी विकतो. डिसेंबर २०२३मध्ये सॅन डिएगो पाद्रेसने हुआन सोटो हा जबरदस्त फलंदाज न्यूयॉर्क यांकीजला दिला. बदल्यात मायकेल किंग आणि इतर काही गोलंदाज घेतले. त्यातला ड्रू थॉर्प हा तरुण गोलंदाज त्यांनी पुन्हा पुढे विकला आणि मार्चमध्ये डिलन सीस हा मातब्बर गोलंदाज आणला. २०२४मध्ये सोटोच्या जोरावर यांकीज वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचले. पाद्रेसनीही ९३ सामने जिंकून बाद फेरी गाठली, आणि सीसने जुलैत एका सामन्यात प्रतिस्पर्ध्याला एकही हिट मिळू दिला नाही. हंगाम संपताच सोटो मोकळा झाला आणि ७६.५ कोटी डॉलरच्या करारावर शेजारच्या मेट्सकडे गेला. यांकीजना त्याचं एकच वर्ष मिळालं. त्यांना ते एक वर्षच हवं होतं, पाद्रेसना पुढची काही वर्षं हवी होती. दोघांच्या गरजा वेगळ्या होत्या, म्हणून दोघांनाही हा व्यवहार पचला. एकाने दुसऱ्याला टोपी घातली तरच सौदा चांगला, असं समजणारा कारभारी फार काळ टिकत नाही. दुसऱ्या वर्षी त्याचा फोन कोणी उचलत नाही.

आयपीएलचे नियम अमेरिकेपेक्षा आखूड आहेत. हंगाम संपून काही काळ झाला की ट्रेडची खिडकी उघडते, लिलावाच्या आठवडाभर आधी ती बंद होते, लिलावानंतर पुन्हा काही काळ उघडते. खेळाडूच्या बदल्यात खेळाडू देता येतो, नुसत्या पैशांवरही घेता येतो. खेळाडूचा पगार नव्या संघाच्या ठरलेल्या थैलीतून वजा होतो. दोन संघांमध्ये त्यावर जी वेगळी रक्कम ठरते ती थैलीत मोजली जात नाही आणि जाहीरही होत नाही. बाहेरून बघणाऱ्याला व्यवहाराचा निम्मा हिशोब कधी दिसतच नाही, तो त्यामुळे.

थैलीची ही ओढाताण हार्दिक पंड्याच्या वेळी सगळ्यांनी पाहिली. २०१५मध्ये मुंबईने त्याला अवघ्या १० लाखांत घेतलं होतं. मग तो गुजरातचा कर्णधार झाला, २०२२मध्ये विजेतेपद, २०२३मध्ये उपविजेतेपद. नोव्हेंबर २०२३मध्ये मुंबईने त्याला १५ कोटींवर परत आणलं. एवढी जागा थैलीत नव्हती, म्हणून १७.५ कोटींचा कॅमेरून ग्रीन त्याच वेळी बंगळुरूला दिला. कागदावर हा सौदा झकास होता. वेगवान गोलंदाजी करणारा भारतीय अष्टपैलू मिळणं किती दुर्मीळ! प्रत्यक्षात २०२४मध्ये मुंबईने १४पैकी चारच सामने जिंकले आणि दहा संघांत दहावी आली. हार्दिकविना गुजरात आठव्या क्रमांकावर घसरलं. बंगळुरूने मात्र त्या वर्षी बाद फेरी गाठली.

चुकलं कुठे? माझ्या मते खेळाडूची किंमत बरोबर लागली, कर्णधारपदाची चुकली. रोहित शर्माने पाच विजेतेपदं मिळवून दिलेली गादी ट्रेडच्या मागोमाग हार्दिकला दिली गेली, आणि वानखेडेच्या प्रेक्षकांनी आपल्याच कर्णधाराची हुर्यो उडवली. ड्रेसिंग रूममधला मानपान कोणत्याही तक्त्यात बसत नाही. त्याच हार्दिकने काही आठवड्यांनी, २९ जून २०२४ला, ट्वेंटी-२० विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात रोहितच्याच नेतृत्वाखाली शेवटचं षटक टाकून भारताला जिंकून दिलं. खेळाडूत खोट नव्हतीच.

माणूस म्हणून खेळाडूचं काय, हा प्रश्न अमेरिकेत कर्ट फ्लडने विचारला. सेंट लुईस कार्डिनल्सकडून बारा वर्षं खेळलेल्या या कृष्णवर्णीय खेळाडूला ऑक्टोबर १९६९मध्ये न विचारता फिलाडेल्फियाला पाठवण्यात आलं. त्याने जायला नकार दिला. २४ डिसेंबरला त्याने बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांना पत्र लिहिलं. माझ्या इच्छेचा विचार न करता खरेदी-विक्री करावी अशी मी मालमत्ता नाही, असा त्याचा आशय होता. १९७०च्या हंगामात तो खेळलाच नाही, सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला आणि १९७२मध्ये पाच विरुद्ध तीन मतांनी हरला. त्याची कारकीर्द संपली. पण १९७५च्या डिसेंबरात लवादाच्या एका निकालाने खेळाडूंची जन्मभराची बांधिलकी मोडली. आज दहा वर्षं मुख्य लीगमध्ये आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात काढलेला खेळाडू ट्रेडला नकार देऊ शकतो. त्या नियमाला लोक फ्लडचंच नाव देतात.

आपल्याकडे खेळाडूची संमती आयपीएलच्या नियमातच आहे. पण खेळाडूने परस्पर बोलणी केलेली मात्र चालत नाहीत. राजस्थानशी करार असताना दुसऱ्या संघाशी बोलल्याबद्दल रवींद्र जडेजाला २०१०चा अख्खा हंगाम बाहेर बसावं लागलं. नोव्हेंबर २०२५मध्ये तोच जडेजा, सॅम करनसह, संजू सॅमसनच्या बदल्यात चेन्नईहून राजस्थानला परतला तो रीतसर ट्रेडने, आणि त्यासाठी त्याचं मानधन १८ कोटींवरून १४ कोटींवर आलं.

कधी कधी सौद्यातलं सर्वांत मोलाचं नाव यादीत शेवटी असतं. धवनसाठी दिल्लीने हैदराबादला तिघे दिले होते. विजय शंकर, शाहबाज नदीम आणि एक कोवळा पोरगा, अभिषेक शर्मा. धवनने २०२०मध्ये ६१८ धावा केल्या, दिल्लीला पहिल्यांदा अंतिम फेरीत नेलं, म्हणजे दिल्लीने जे मागितलं ते तिला मिळालं. हैदराबादला थांबावं लागलं. २०२४मध्ये अभिषेकने एका हंगामात ४२ षटकार मारले आणि संघ अंतिम सामन्यात गेला. रहाणेच्या बदल्यात राजस्थानला गेलेल्या राहुल तेवतियाने तर २०२०मध्ये तीन-चार चेंडूंपूर्वीपर्यंत शिव्या खाल्ल्या आणि मग शारजात शेल्डन कॉट्रेलच्या एका षटकात पाच षटकार मारून २२४ धावांचा डोंगर पार करून दिला. राजस्थान त्या वर्षी तरीही शेवटचं आलं. एका रात्रीचा हिरो म्हणजे यशस्वी ट्रेड, असं कोणी समजू नये.

कोल्हापुरात हे सगळं वाचून कोणी हसेल. कारण शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल हंगाम सुरू व्हायच्या आधी केएसए या स्थानिक संघटनेकडे खेळाडूंची नोंदणी होते, तेव्हा पाटाकडील तालमीचा कोण दिलबहार तालमीकडे चालला आणि प्रॅक्टिस क्लबने कोणाला ओढलं, यावर पेठापेठांत रात्र रात्र जागवली जाते. फरक एवढाच की तिथे खेळाडू फुटला तर त्याला ट्रेड म्हणत नाहीत, गद्दारी म्हणतात. आणि तालमीच्या कट्ट्यावर त्याचा हिशोब पिढ्यान्‌पिढ्या ठेवला जातो.

कबड्डीत तर हा खेळ अधिक उघडा दिसतो, कारण मैदानात सातच जण असतात. प्रो कबड्डीत मुख्य व्यवहार लिलावातून होतो, पण कोणाला ठेवायचं आणि कोणाला सोडायचं हा निर्णय लिलावाआधीच झालेला असतो, आणि खरी कसोटी तीच. आपल्या जिल्ह्यातला, चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई २०१८मध्ये यू मुंबाकडून ३६.४ लाखांत खेळला. त्याच्या चढायांनी हंगाम गाजवला. पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यावर १ कोटी ४५ लाख लावले. कोल्हापूर जिल्ह्यात तेव्हा जो जल्लोष झाला तो रास्तच होता. गड्याने पैसे फेडलेही, चढाईत दोनशेच्या वर गुण कमावले. टायटन्स मात्र बारा संघांत अकरावे आले. आणि त्याला गमावलेल्या यू मुंबाने फझल अत्राचलीच्या बचावावर उपांत्य फेरी गाठली. चढाईला एकटा जाता येतं. पकड एकट्याने होत नाही, त्यासाठी साखळी लागते, आणि बाहेर बसलेल्या चढाईपटूला परत आत आणायला कोणाला तरी गुण मिळवावा लागतो. टायटन्सने चढाईची मोठी किंमत मोजली, पण त्यांना कमतरता दुसरीकडे होती.

पुणेरी पलटणने उलट वाट धरली. अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे, पंकज मोहिते अशी तरुण पोरं आपल्याकडे घडवून टिकवली आणि मोठा पैसा संघातली एकच उणीव भरायला लावला. २०२२मध्ये, तोवर पुण्याकडे आलेल्या फझलच्या नेतृत्वाखाली संघ अंतिम फेरीत जयपूरकडून हरला होता. पुढच्या लिलावाआधी त्यांनी त्या फझललाच सोडलं. अंतिम फेरीपर्यंत नेणारा कर्णधार सोडणं याला धाडस लागतं, आणि बाहेरून ते मूर्खपणासारखं दिसतं. मग २ कोटी ३५ लाखांत मोहम्मदरेझा शादलू हा त्याच्याहून तरुण इराणी बचावपटू आणला, कर्णधारपद अस्लमला दिलं. साखळीत पलटणचा संघ अव्वल राहिला, २२पैकी फक्त दोन सामने हरला, आणि १ मार्च २०२४ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ हरवून पुण्याने पहिलं विजेतेपद मिळवलं. प्रशिक्षक होते बी. सी. रमेश. २०१९मध्ये बंगालला विजेतेपद मिळवून देणारेही तेच.

त्यानंतरच्या लिलावाआधी पुण्याने शादलूलाही सोडलं. तोच न्याय, तीच शिस्त, की महागडा तारा दरवर्षी परवडत नाही, पोरं टिकवावीत. हरलेल्या हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांत उचललं. अस्लमला दुखापत झाली आणि गतविजेती पलटण बाद फेरीतही पोचली नाही. डिसेंबर २०२४चा अंतिम सामना पुण्यातच, बालेवाडीला झाला. शादलूच्या हरियाणाने पाटण्याला ३२-२३ हरवून करंडक नेला.